बिरू मास्तरांचा चरक

आमच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या खिशाला पेन असायचं. बिरू मास्तरांच्या खिशाला पीस असायचं. कोंबडीचं, पांढरं, टोकाला पिवळं पडलेलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सही करायला पेन मागितलं, तर मास्तरांनी सवयीनं खिशात हात घातला आणि तेच पुढं केलं. साहेबांनी ते पीस उलटसुलट करून बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "ह्यानं सही न्हाय व्हायची साहेब. दुसऱ्या कुणाचं बघा." हेडमास्तरांना तिथल्या तिथं घाम फुटला.

ते टोक पिवळं कशानं पडलं होतं, हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं. माझ्याच नायट्रिक ॲसिडनं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी भिगवणच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. रुजू होऊन आठवडा झाला नसेल, तोवर प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, सावळा, खांद्यातून जरा वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. हातात लोणच्याची चिनी मातीची बरणी. शेजारणीनं वाटीभर साखर मागावी तितक्या सहज म्हणाला, "सर, नायट्रिक हाय का वाईच?"

"कशाला?"

"पत्र्याला खायाला घालायचंय."

प्रत्येक शाळेत एक अर्धवट असतो, तो आज भेटला, असं मनात म्हटलं आणि त्यांना चांगलं सुनावलं. ॲसिड म्हणजे काय ताक आहे का, उद्या डोळे गेले तर जबाबदार कोण, वगैरे. माझा स्वभाव तापट, अजूनही आहे. समोरच्या माणसानं सगळं मान डोलावत ऐकून घेतलं. "बोला सर, बोला. खाऊ द्या जरा," असं म्हणाले आणि बरणी काखेत मारून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी वैतागून मी म्हणालो, "चला, तुमचा पत्रा कसा खातो ते दाखवा मला." आणि तिथंच मी अडकलो.

मास्तर चित्रकला शिकवायचे, पण स्वतः रंगानं चित्र काढत नसत. ते एचिंग करत. आता हे काय, असं मीही विचारलं होतं, म्हणून सांगतो. जस्ताचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि डांबराचा पातळ थर द्यायचा. त्या थरावर टोकदार सुईनं चित्र कोरायचं. मास्तर गोणी शिवायच्या दाभणानं कोरायचे. मग तो पत्रा पाणी घातलेल्या ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथं मेण आहे तिथं ॲसिड शिवत नाही, जिथं ओरखडा आहे तिथं ते पत्रा खातं आणि रेघेची चर पडते. खाताना बुडबुडे येतात, ते पिसानं हळूच बाजूला सारायचे. हेच ते पीस. मग मेण काढायचं, चरींमध्ये काळी शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, पत्र्यावर ओला कागद ठेवायचा, कागदावर जाड लोकरीचं कापड घालायचं आणि सगळं दोन लोखंडी लाटांच्या, म्हणजे रुळांच्या, मधून दाबून काढायचं. कागद उचलला की चित्र. उलटं झालेलं, पण चित्र.

एवढ्या उपद्व्यापापेक्षा कागदावर सरळ पेन्सिल फिरवली तर काय बिघडतं, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "सर, पेन्सिलीची रेघ आपुन वडतो. ही रेघ आपुन नुस्ती दावतो. वडतं ते ॲसिड. ते किती खाईल, कुठं खाईल, सगळं आपल्या हातात न्हाय. म्हनून गोडी हाय."

"खाऊ द्या" हा शब्द ते माणसांनाही लावायचे. हेडमास्तर डोकं खायला लागले की मास्तर त्यांच्याकडे पत्र्याकडे बघावं तसं बघत बसत. आम्ही बाकीचे चिडायचो, धुसफुसायचो. मास्तर म्हणायचे, "खाऊ द्या त्येला. खाल्ल्याबिगार रेघ न्हाय पडत." कोणती रेघ, कुणावर, काही कळायचं नाही. पण हेडमास्तर दमायचे हे खरं.

शाई पुसायचं शेवटचं काम ते तळहातानं करायचे. त्यामुळं त्यांचे हात कायम काळे. गावातल्या एका लग्नात त्यांनी प्रेमानं नवरदेवाच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर पाची बोटांचा ठसा उमटला. नवरीकडचे खवळले. मास्तर ठशाकडे निरखून बघत म्हणाले, "झ्याक आलाय की."

वर्गात तर विचारूच नका. मडकं काढायचं असलं तर ते आधी पोरांना डोळे मिटायला लावत आणि मडकं हातोहात फिरवत. "हात लावून बघा. मग काडा." एका पालकानं तक्रार केली, की आमच्या पोराला परीक्षेत मडकं काढायचंय, मडकं विकत घ्यायचं नाही. मास्तरांवर काही परिणाम झाला नाही. हे दुसरं पालुपद. स्वतःचं चित्र कुणाला दाखवलं तरी तेच. "नुस्तं बघू नगा. हात लावून बघा." लोक बिचारे बोटाच्या टोकानं शिवल्यासारखं करायचे आणि छान, छान म्हणत सटकायचे.

त्यांचा कारखाना मात्र बघण्यासारखा होता. पुणे-सोलापूर रस्त्यावर, भिगवणच्या अलीकडे, एक बंद पडलेली रसवंती होती. मास्तर तिच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "ह्या वासात कोन नांदंल?" रसवंतीतला उसाचा चरक तसाच पडून होता. मास्तरांनी बारामतीच्या एका लेथवर त्याच्या लाटा घासून गुळगुळीत करून आणल्या, एकीवर एक बसवल्या, मधून लोखंडी फळी सरकेल अशी सोय केली आणि त्याच चाकानं चित्रं छापायला सुरुवात केली. लेथवाल्यानं म्हणे हात जोडून सांगितलं होतं, "मास्तर, दात घालवल्यावर ऊस पिळायचा न्हाय बघा."

पण चरकाला बांधलेली घुंगरं मास्तरांनी काढली नाहीत. का, तर "आवाजावरनं दाब कळतो." त्यामुळं व्हायचं असं, की मास्तर चाक फिरवायला लागले की छुन छुन छुन असा आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा. उन्हाळ्यात ट्रकवाले, जीपवाले, लग्नाची वऱ्हाडं थांबायची. "चार ग्लास करा, एक बिनबर्फाचा!" मास्तर काळ्या हातांनी बाहेर येऊन त्यांना आत बोलवायचे आणि रसाऐवजी चित्र दाखवायचे. वर म्हणायचे, हात लावून बघा. एका वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यानं त्यांना दिलेली शिवी मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. इथं लिहिण्यासारखी नाही.

चित्रं कशाची असायची? मेंढरांची. मास्तरांचं घर पूर्वी मेंढरामागं फिरणारं. आता धाकटा भाऊ पिंपळीला शेती करायचा, वांगी, भेंडी बाजारात न्यायचा, आणि आई त्याच्याकडे होती. पण मास्तरांच्या पत्र्यावर अजून कळप चालत होता. बाभळी, माळ, उजनीचं पसरलेलं पाणी, सामान लादलेलं घोडं, बसलेलं कुत्रं. सगळं होतं, माणूस मात्र नव्हता. एकाही चित्रात नाही. मी एकदा विचारलं, "मास्तर, ही मेंढरं काय आपली आपण हिंडतात? मेंढका कुठंय?"

"हाय की त्यात. हात लावून बघा."

मी हात लावला. बोटांना खरखरीत लागलं. त्याचं कारण मला माहीत होतं. ओल्या कागदावर घालायला खरं तर फेल्ट लागतं, म्हणजे दाबून केलेलं मऊ, दाट लोकरीचं कापड. मास्तर घालायचे घोंगडी. काळी, जुनी, विरलेली. लाटांखाली दाब बसला की घोंगडीची वीण ओल्या कागदावर उठायची. आभाळात वीण, पाण्यात वीण, कोऱ्या कडांवर वीण. एका कोपऱ्यात तर बोराएवढी गाठ उठायची, दरवेळी तिथंच. मी म्हणायचो, ही घोंगडी टाका आता. ते म्हणायचे, "खाऊ द्या." मग मी गप्प बसायचो.

एका मार्च महिन्यात घुंगरांच्या आवाजावर एक पांढरी गाडी थांबली. भिगवणला मासे खाऊन कुणी पुणेकर निघाले होते, त्यांना रस हवा होता. आतून मास्तर आले, आणि गाडीतला माणूस ओरडला, "बिऱ्या! तू?" हा सुहास. पुण्याच्या चित्रकला महाविद्यालयात दोघं एका वर्गात होते. हा आता पुण्यात चित्रांचं दालन चालवत होता. त्या दिवशी रविवार म्हणून मीही तिथं होतो. सुहासनं एकेक चित्र उजेडात धरून बघितलं. मग म्हणाला, "दिवाळीनंतर चार जणांचं प्रदर्शन करतोय. तू पाचवा."

मी मास्तरांकडे बघितलं. या माणसाचा चेहरा कधी हलत नसे. त्या दिवशी हलला. कॉलेज सोडल्यापासून वीसेक वर्षं त्यांनी वाट बघितली असणार, की आपलं एखादं चित्र पुण्याच्या भिंतीवर लागावं. तोंडानं कधी बोलले नव्हते, पण तेव्हा ते आपले काळे हात पुन्हा पुन्हा सदऱ्याला पुसताना मला दिसले.

"पण एक आहे," सुहास म्हणाला. "ही वीण चालणार नाही. रेघा काय सुंदर आहेत, आणि वर हे गोणपाट उठलंय. बघणारा याला दोष म्हणणार. फेल्ट वापर, पुन्हा काढ. काचेच्या चौकटीत लावू."

मास्तर इतकंच म्हणाले, "बघतो."

गाडी गेली आणि मी त्यांच्या मागं लागलो. मला राग येतो तो अशाच माणसांचा. दारात आलेलं सोनं आणि हे म्हणतात बघतो! पंधरा दिवसांनी मला पुण्यात काम होतं, तेव्हा मी स्वतः विचारत विचारत जाऊन चांगलं जाड पांढरं फेल्ट घेऊन आलो. मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "आता माझ्यासमोर काढा."

त्यांनी काढलं. तळ्याकाठच्या कळपाचं चित्र होतं. घुंगरं वाजली, फळी पलीकडे गेली, मास्तरांनी कागदाचं टोक धरून हळू उचललं. अहो, काय सांगू! रेघन् रेघ कशी सुटी. आभाळ असं स्वच्छ, की मला त्यात शिरावंसं वाटलं. मी टाळ्याच वाजवल्या.

मास्तर कागद धरून उभे राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि कागदावरनं तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"चांगलं आलंय," ते म्हणाले. "पर ह्यात आबा न्हायत."

मला वाटलं, उन्हाचं काहीतरी झालं. त्यांना बाजेवर बसवून पाणी दिलं. मग ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

घोंगडी त्यांच्या वडिलांची होती, आबांची. आपल्याच मेंढरांची लोकर, आईनं कातलेली, सणगरानं विणलेली. आबांनी जन्मभर तीच पांघरली. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, दुपारी बुडाखाली. मास्तर पुण्यात शिकायला होते तेव्हा कोकणातून परतताना वाटेतच आबा गेले. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. "त्येंचा एक फोटू न्हाय सर. मी एवढा चित्रकलेचा मास्तर, आन् बापाचं तोंड काडता येत न्हाय मला. किती पत्रे नासवले. डोळं मिटलं की दिसतंय, दाभन टेकलं की जातंय."

दहाव्याच्या दिवशी आईनं सांगितलं, की त्यांचं अंथरूण-पांघरूण नदीला सोडून ये. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत नाहीत. ठेवलं तर त्या माणसाचा जीव अडकून राहतो, त्याला पुढं जाता येत नाही, असं म्हणतात. मास्तरांनी वाकळ सोडली, उशी सोडली, आणि घोंगडी पोत्यात घालून पुण्याला आणली. आईला सांगितलं, सगळं सोडलं.

"म्हंजे गेली वीस वर्षं..."

"व्हय. आबा हितंच हायत. चरकात."

मग मला कोपऱ्यातल्या गाठीचा अर्थ विचारायचं धाडस झालं. "ती आयनं रफू केलीय. ठिणगीनं भोक पडलं व्हतं."

मी विज्ञान शिकवणारा माणूस. जीव अडकतो वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मास्तरांचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. आपण आबांना अडकवून ठेवलंय, ही बोच त्यांना होती, आणि सोडवतही नव्हतं. घोंगडी दर वेळच्या दाबानं विरत चालली होती. आणखी थोड्या छापांत तिची लक्तरं होणार, हे त्यांनाही दिसत होतं.

"आईनं ही चित्रं बघितलीत?" मी विचारलं.

"तिला दिसत न्हाय सर. काचबिंदू. दोनी डोळं गेले."

"मग हात लावून?"

मास्तर उठून घोंगडीची घडी घालायला लागले.

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "अहो, सगळ्या रस्त्याला थांबवून हात लावायला लावता! ट्रकवाल्यांना, वऱ्हाड्यांना, शाळेतल्या पोरांना! आणि ज्या माणसाला हातानंच बघता येतं, तिला एवढ्या वर्षांत एक कागद नेऊन दिला नाहीत?"

"ती वळखंल," मास्तर अगदी हळू म्हणाले. "आन् म्हनंल, टाक."

"म्हणू दे. तिच्या माणसाची घोंगडी आहे, तिला विचारा. ती टाक म्हणाली तर टाका, सोडवा आबांना, आणि फेल्टवरची चित्रं घेऊन जा पुण्याला. ठेव म्हणाली तर ठेवा. पण हे असं मधल्यामध्ये लटकणं बास झालं."

त्यांनी बराच वेळ पिसाशी चाळा केला. "खाऊ द्या जरा," म्हणाले. मी म्हणालो, "पुरे झालं खाणं. पत्र्याला भोक पडेल आता." तेव्हा ते हसले, आणि रविवारी माझ्या स्कूटरवर मागं बसून पिंपळीला निघाले. मांडीवर दोन कागद पुठ्ठ्यात बांधून घेतले होते. एक फेल्टवरचा, एक घोंगडीवरचा. चित्र एकच, तळ्याकाठचा कळप. बारामतीत चहाला थांबलो, तो चहा त्यांनी तसाच ठेवला.

आई अंगणात लिंबाखाली बसली होती. सुपात भुईमुगाच्या शेंगा. बोटांनी चाचपून पोचट शेंगा बाजूला टाकत होती. स्कूटर थांबली तशी मान न वळवता म्हणाली, "बिऱ्या, कोन हाय रं संगं?"

"शाळंतलं सर हायत, आयं."

"या, बसा मास्तर. ह्येला जेवाया घालता का न्हाय कोन? निस्ती हाडं ऱ्हायल्यात." तिनं माझ्याकडे बघितल्यासारखं केलं.

मास्तर तिच्या पायाशी मातीत बसले. "आयं, मी काय करतो त्ये दावायला आनलंय."

"मला काय दिसतंय बाबा त्यातलं."

"हात लावून बघ."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी ते पहिल्यांदाच विनवल्यासारखं आलं.

आईनं पदराला हात पुसले. मास्तरांनी तिच्या मांडीवर पहिला कागद ठेवला, फेल्टवरचा. तिनं एक बोट कडेनं फिरवलं. पत्र्याच्या दाबाची खाच लागली तशी चारी बाजूंनी फिरली. "चौकट हाय," ती म्हणाली. मग आत हात फिरवला. पुन्हा फिरवला. मुलाचं मन मोडायला नको म्हणून तिसऱ्यांदाही फिरवला. "घर हाय जनू. पर आत कोन न्हाय रं."

मास्तरांनी तो कागद उचलला आणि दुसरा ठेवला.

तिचा हात कडेवरच थांबला. तिथंच, कोऱ्या कागदावर. मग दुसरा हात आला. दोन्ही तळवे सावकाश कागदावरनं सरकले, वर, खाली, आणि कोपऱ्यातल्या गाठीवर येऊन अडले. कोपर लागून बाजूचं सूप कलंडलं, शेंगा मातीत सांडल्या. तिनं लक्ष दिलं नाही. गाठीवरनं अंगठा फिरत राहिला.

"टाक म्हनलं व्हतं ना तुला?"

"व्हय, आयं."

"नदीला सोडली म्हनलास."

"व्हय."

"खोटं बोल्लास मला."

चाळिशी कधीच उलटलेला माणूस, मान खाली घालून बसला होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

"ह्यो माझा टाका हाय," म्हातारी म्हणाली. ती आता कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. "आगटीपशी निजले. ठिणगी उडाली, जळाली घोंगडी. किती बोल्ले मी त्यांना त्या दिशी, किती बोल्ले. एक शबूद उलटून बोल्ले न्हायत. मग म्या बसून शिवली." तिचा अंगठा थांबला. "त्या रातीला जे मेंढरं घिऊन गेले..."

पुढचं तिनं सांगितलं नाही. ती परतताना वाटेत गेलेल्या माणसाबद्दल बोलत होती. त्याच्याशी झालेलं तिचं शेवटचं बोलणं म्हणजे ते रागावणं होतं. वीस वर्षांत हे तिनं मुलालाही सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं.

"फाटलीय का रं?" तिनं विचारलं.

"विरलीय. आजून धा-बारा कागुद निघतील."

"टाकू नगंस." मग म्हणाली, "आडकले आसतील तर आडकू देत. माज्यासाठी थांबले आसतील."

तिनं एक हात कागदावर ठेवला आणि दुसरा पुढं करून हवेत मास्तरांचं तोंड शोधलं. गाल सापडला. वाढलेल्या दाढीवरनं तिनं पालथी बोटं फिरवली, मग तळवा टेकवला. "ल्हान व्हतास तवा त्यांच्याजवळच निजायचास, त्यांच्याच घोंगडीत. सकाळी उठलास का गालावर हितं सगळी वीण उमटल्याली असायची. मी दिसभर बघायची, आता जाईल, मग जाईल." ती एकदा कागद चाचपत होती आणि एकदा मुलाचा गाल. "तीच हाय."

मास्तर रडले. मोठ्यानं रडले, लहान पोरासारखे. मी शेंगा गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला घेऊन स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेले. सुहासला फोन लावला. मास्तर फोनवर ओरडून बोलायचे, पुणं लांब आहे म्हणून. त्यामुळं बूथवाला, मी आणि बाहेर थांबलेले दोघं-तिघं, सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"सुहास, फेल्टवरली न्हाय पाठवत. घोंगडीवरलीच पाठवतो... दिसंना का वीण, दिसू दे... आन् काच नगं बसवू. हात लावू नये अशी पाटी नगं... आरं, हात लावूनच बघायची हायत ती!"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. सुहासचा चिडका आवाज बाहेर ऐकू येत होता. नियम, इतर चित्रकार, अशी संधी पुन्हा येणार नाही. मी हातानं खुणावलं, की हो म्हणा, निदान एक तरी काचेत लावू द्या. वीस वर्षांची वाट होती ती. माझा जीव तुटत होता.

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे." मग म्हणाले, "रागावू नगंस. माझं प्रदर्शन झालं की. काल झालं, पिंपळीत."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"कोन कोन म्हंजी? एकच मानूस व्हतं बघाया." त्यांनी काळ्या पंजानं डोळे पुसले, कपाळभर शाई लागली. "न्हाय रं, डोळ्यांनी दिसत न्हाय तिला. पर वळखलं तिनं."